यंत्र एकाला, तपासणी साऱ्या घराला

आमच्या सोनाळ्यात छातीत बसवलेलं कुठलंही यंत्र म्हणजे पेसमेकर. माझ्या मोठ्या भावाच्या यंत्रालाही लोक तेच म्हणतात, पण ते आहे आयसीडी. साधा पेसमेकर मंदावलेले ठोके सांभाळतो. आयसीडी तेही करतो आणि ठोके बेफाम झाले की आतूनच शॉक देऊन ताळ्यावर आणतो. आपल्या माणसाला नेमकं काय बसवलं हे डॉक्टरांना विचाराच, आणि यंत्राचं कार्ड त्याच्या खिशात राहू द्या.

भावाला वंशपरंपरेने येणारी हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी आहे. हृदयाचा मधला पडदा जाड होऊन रक्ताची वाट अरुंद झालेली. ऐन उन्हात वावरात त्याची छाती दाटली, तेव्हा कुणीतरी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवली आणि तो धुऱ्यावरच कोसळला. त्या गोळीने रक्तवाहिन्या सैलावतात आणि ही वाट आणखी आवळते, हे अकोल्याला इको झाल्यावर समजलं. अशा रुग्णाला ती गोळी परस्पर देऊ नका. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात अंगातलं पाणीही कमी पडू देऊ नका.

जाड झालेला स्नायू यंत्राने बरा होत नाही. 1990 च्या दशकात पेसमेकरने हा अडथळा हटेल अशी मोठी आशा होती. 1999 च्या एम-पाथी अभ्यासात मात्र यंत्राचं काम जवळजवळ थांबवलेल्या काळातही रुग्णांना तेवढंच बरं वाटलं. आता हा उपाय निवडक रुग्णांपुरता, मुख्यतः वयस्कांसाठी उरला आहे.

रानडुकरांसाठी आमच्याकडे कुंपणाला झटका मशीन लावतात. यंत्र गडबडू नये म्हणून भाऊ तारेपासून लांब उभा राहतो, "बंद कर रे बाप्पा" म्हणून हाक देतो आणि मगच आत जातो. वेल्डिंगपासूनही लांब राहतो.

बहुतेक घरांत हा आजार असा उतरतो, की प्रत्येक लेकराला त्यामागचा जनुकदोष मिळण्याची शक्यता निम्मी. हैदराबादच्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये हृदयाच्या स्नायूशी निगडित एक जनुकदोष भारतीय उपखंडातल्या सुमारे 4 टक्के लोकांत असल्याचं दाखवलं. दोष असलेला प्रत्येक जण आजारी पडतोच असं नाही, पण तपासल्याशिवाय कळणार कसं? "पोरगं कबड्डी खेळते, त्याले कशाले इको?" असं वहिनी म्हणाली होती. खेळणाऱ्या पोराचाच आधी काढायचा! पडदा पुष्कळदा वयात येताना जाड होतो, म्हणून एकदा चांगला आलेला रिपोर्टही पुरत नाही. डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा जायचं.

लग्न होऊन गेलेल्या लेकी या तपासणीतून हमखास सुटतात. आमची बहीण तेल्हाऱ्याला दिलेली आहे. तिचा ईसीजी, इको आम्ही आग्रहाने करवून घेतला. तुमच्या घरात हे निदान झालं असेल, तर सासरी असलेल्या बहिणीला आजच फोन करा.