अटकेतील माणसाचे हक्क आणि त्याची भाषा

१५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत ‘१५ अ’ हे नवे कलम मांडले. व्यक्तिस्वातंत्र्याच्या मूळ कलमातील संरक्षण तोकडे असल्याची टीका होत होती. ती उणीव भरून काढण्यासाठी हे कलम आणल्याचे त्यांनी स्पष्ट केले. आज ते संविधानाचे कलम २२ म्हणून ओळखले जाते. प्रतिबंधक स्थानबद्धतेचा अपवाद सोडल्यास, अटक झालेल्यास अटकेचे कारण सांगावे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे, असे ते सांगते.

परंतु कारण कोणत्या भाषेत सांगावे? पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील स्त्रियांच्या छळाबाबत पाठवलेल्या पत्रावर सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी १९८३ रोजी निर्णय दिला. अटकेतील व्यक्तीच्या हक्कांचे मराठी पत्रक महाराष्ट्रातील प्रत्येक कोठडीत लावावे आणि इंग्रजी, हिंदी वा मराठी यांपैकी तिला समजणाऱ्या भाषेत ते वाचून दाखवावे, असा आदेश झाला. मात्र विसरवाडी परिसरातील अनेक घरांची बोली या तिन्हींहून वेगळी आहे. भिली, मावची किंवा कोकणीत वाढलेल्या आजीला कार्यालयीन मराठी परकीच. न समजलेल्या कागदावर उमटलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे.

तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ६ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात हा प्रश्न निकाली काढला. अटकेची कारणे त्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत आणि लेखी दिली पाहिजेत. ती लगेच देणे अशक्य असेल, तर तोंडी सांगून, रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी द्यावीत. अन्यथा अटक बेकायदेशीर ठरते.

पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अटकेच्या पंचनाम्यावर कुटुंबातील किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही घ्यावी लागते. कुटुंबीय साक्षीदार नसेल, तर नातेवाइकाला वा मित्राला कळवण्याचा हक्क अटक झालेल्यास सांगावा लागतो. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होते; अंगावरील जखमा डॉक्टरांना दाखवाव्यात. अपवादात्मक प्रसंग वगळता सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया व कोठडीतील व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे.

वसतिगृहात राहून शिकलेला विद्यार्थी दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभा असतो. पोलीस ठाण्यातला कागद वाचून त्याचा अर्थ आपल्या बोलीत सांगणारा एक माणूस प्रत्येक पाड्यात असेल, तर कलम २२ त्या पाड्यापर्यंत पोहोचले असे म्हणता येईल. हे काम आपल्या माजी विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे.