पहिलं विमान घेतेस? आधी आपला मे महिना आठव

अगं, थांब जरा. वैमानिकाचं लायसन्स (पीपीएल) हातात आलं नाही तोच तू मला जाड टायरच्या टेलव्हील विमानांचे फोटो पाठवायला लागलीस. अलास्कात नदीच्या गोट्यांवर उतरणारी ती सुपर कब मलाही आवडते गं. पण बघ, तू उडणार कुठून? धुळ्याचं गोंदूर, शिरपूर, जळगाव. तिन्हीकडे पक्की धावपट्टी. तापीच्या वाळूत नाहीतर तोरणमाळच्या पठारावर मनात आलं की उतरलो, अशी आपल्याकडे सोय नाही. पाऊस पडून गेल्यावर आपल्या काळ्या मातीत बैलगाडी रुतते, तिथे तुझं विमान काय करणार, माय वं?

खरं सांगू का, खानदेशातलं अवघड उड्डाण म्हणजे ऊन. जळगाव विमानतळाची उंची साधारण ८४० फूट. पण मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमान जणू साडेचार हजार फुटांवर उभं आहे असंच वागतं. इंजिन दमतं, प्रोपेलरला पकड मिळत नाही, धावपट्टी सरत जाते आणि चाकं काही जमीन सोडत नाहीत. म्हणून विमानाचा रंग नंतर बघ, आधी त्याच्या मॅन्युअलमधला टेकऑफचा तक्ता उघड. सेसनाच्या तक्त्यात ४० अंशांचा रकाना शेवटचा असतो, आणि आपला मे त्याच्याही पुढचा! विकणारा म्हणेल, ‘फोर सीटर आहे, मॅडम.’ खुर्च्या चार आहेत, एवढंच खरं. टाक्या भरून चौघं बसवलीस तर वजनाचा हिशेब तिथेच कोलमडतो. 

माझं ऐकशील तर पहिलं विमान नोजव्हीलचं, साधं, खूप खपलेलं घे. सेसना १७२ सारखं. १९५५ पासून ४४ हजारांहून जास्त बनली आहेत, त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि हात बसलेला एएमई, म्हणजे देखभाल करणारा इंजिनिअर, मिळतो. टेलव्हील शीक, जरूर शीक, पण दुसऱ्याच्या विमानावर आणि जाणत्या इन्स्ट्रक्टरसोबत. उतरताना शेपूट फिरली की विमान गर्रकन वळतं, आणि नव्या वैमानिकाला ते सावरायला वेळच मिळत नाही.

आता इंधन. सेसनाला एव्हगॅस लागतं, ते काही पंपावर मिळत नाही. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये ते देशातच बनवायला घेतलं हे चांगलं झालं, तरी तुझ्या धावपट्टीवर पिंपं कोण आणतं ते आधी विचार. कुणी सांगेल, रोटॅक्स इंजिनाचं घे, पेट्रोलवर चालतं. चालतं गं, पण रोटॅक्सला इथेनॉल दहा टक्क्यांपर्यंतच मान्य आहे आणि आपल्या पंपावर आता वीस टक्क्यांचं पेट्रोल आहे.

आणि घरी बांधायचं खूळ डोक्यात असेल, तर कॅप्टन अमोल यादवांचं आठव. कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी विमान उभं केलं, २०१६ मध्ये प्रदर्शनात मांडलं, उडवायची परवानगी मिळाली २०१९ मध्ये, आणि ते उडालं २०२०ला, आपल्या धुळ्यात! मला त्यांचा भारी अभिमान आहे. पण तुला उडायचंय की फायली घेऊन फिरायचंय, ते ठरव.

घाबरू नकोस. सोलोला एकटीने उतरलीस, तर हेही जमेल. पैशाची ओढाताण असेल तर दोघी-तिघी मिळून घ्या, मात्र देखभालीचा खर्च कोण किती देणार ते कागदावर लिहून. हँगरची जागा पक्की होईपर्यंत बयाणा द्यायचा नाही. उन्हात उभं राहिलेल्या विमानाचे रबरी भाग आणि काच फार टिकत नाहीत.

येत्या रविवारी एएमईला घेऊन, जे विमान घ्यायचं मनात आहे ते बघून ये. इंजिनाचं लॉगबुक पहिल्या पानापासून वाच, शेवटच्या ओव्हरहॉलनंतर किती तास झाले ते लिहून घे. टाकीखालच्या ड्रेनमधून नळीत इंधन काढ. निळं दिसलं पाहिजे, तळाशी पाण्याचा थेंब नको. चाकांवरची झाकणं काढायला लाव, आत वाळलेली माती बघ. सीटखाली गंज शोधायला टॉर्च ने. जुना ड्रेस घालून जा, गुडघे काळे होणार आहेत. आणि विकणाऱ्याने चहा पाजला म्हणून लगेच हो म्हणू नकोस, आधी मला फोन कर.