मेंदूच्या लहरी, शिकणारं यंत्र आणि चिंचोक्यांचा खेळ



मधली सुट्टी झाली की तुमची नजर आधी एका ठरावीक मुलाला शोधते ना? माझ्या चौथीच्या वर्गात गेल्या वर्षी असाच एक होता. पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढायचा, कंपाउंडवरून उडी मारायचा. पहिल्या सत्राच्या वर्णनात्मक नोंदीत मी त्याच्या नावापुढे सरळ लिहून टाकलं : 'धोका ओळखत नाही.' तीन शब्द. लिहायला पाच सेकंदही लागले नसतील.

दिवाळीच्या सुट्टीत वाचायला मिळालं की, माणूस धोका पत्करणार की नाही हे त्याच्या मेंदूच्या संकेतांवरून यंत्राला आधीच सांगता येतं का, यावर शास्त्रज्ञ काम करतात. मग त्या विषयात डोकं घातलं. जे समजलं ते आज तुमच्यासमोर मांडते.

आधी संकेत म्हणजे काय ते बघू. आपल्या मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या अगदी बारीक स्पंदनांनी बोलतात. हे डोक्याच्या कातडीवरून टिपता येतं. माणसाच्या बाबतीत ते पहिल्यांदा केलं जर्मनीतल्या येना शहरातल्या हान्स बर्गर या डॉक्टरांनी, 1924 साली. लेख छापला 1929 मध्ये. त्या आलेखाला आपण ईईजी म्हणतो. हा संकेत किती बारीक असतो? साधारण 50 मायक्रोव्होल्ट धरा. घड्याळातला पेन्सिल सेल 1.5 व्होल्टचा असतो, म्हणजे त्याचा तीस हजारावा भाग! नुसती पापणी मिटली तरी आलेखात मोठी गडबड दिसते. दुसरी पद्धत एफएमआरआयची. त्यात वीज मोजत नाहीत, मेंदूच्या कोणत्या भागात प्राणवायूयुक्त रक्त जास्त गेलं ते बघतात. ईईजी वेळ अचूक सांगतो, जागा नीट सांगत नाही. एफएमआरआयचं याच्या उलट.

आता धोका मोजायचा कसा? 'तू धाडसी आहेस का?' असं विचारलं तर सगळेच हो म्हणतील. म्हणून 2002 मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लेहुए आणि सहकाऱ्यांनी फुग्याचा खेळ तयार केला. संगणकाच्या पडद्यावर फुगा दिसतो. एकदा बटण दाबलं की तो थोडा फुगतो आणि 5 सेंट जमा होतात. हवं तेव्हा थांबा आणि पैसे घ्या. पण फुगा फुटला तर त्या फुग्यावरचे सगळे पैसे गेले. निळा फुगा जास्तीत जास्त 128 दाबांपर्यंत टिकू शकतो, पण कधी फुटेल ते माहीत नसतं. गणिताने बघितलं तर 64 दाबांवर थांबणं सगळ्यात फायद्याचं. बहुतेक माणसं त्याच्या बरीच आधी थांबतात.

हा खेळ वर्गात घ्यायला संगणक लागत नाही. मी चिंचोक्यांवर घेतला. पिशवीत 10 चिंचोके टाका, त्यातला एक रंगवलेला. मुलाने न बघता एकेक काढायचा. साध्या चिंचोक्याला एक गुण. रंगीत हाताला लागला की सगळे गुण शून्य. पहिल्या वेळी धोका दहात एक, दुसऱ्या वेळी नवात एक, मग आठात एक. काढलेला परत टाकायचा नाही, म्हणून धोका वाढत जातो, अगदी फुग्यासारखा. पाच चिंचोक्यांवर थांबणं सरासरीने सर्वात फायद्याचं ठरतं. मोठ्या वर्गाला संभाव्यतेची ओळख करून द्यायला याहून स्वस्त साहित्य सापडणार नाही. (एकाने रंगीत चिंचोका बोटाने चाचपून ओळखायला सुरुवात केली होती, तेव्हा तैलरंग वापरू नका.)

आता मुख्य प्रयोग. सारा हेल्फिन्स्टाइन, रसेल पोल्ड्रॅक आणि सहकाऱ्यांनी 108 लोकांना एफएमआरआय यंत्रात झोपवून हाच फुग्याचा खेळ खेळायला लावला. 2014 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माणूस निर्णय घेण्याच्या जरा आधीची मेंदूची स्थिती त्यांनी संगणकाला दिली आणि विचारलं : हा आता फुगा फुगवणार की थांबणार? संगणकाचं उत्तर साधारण 72 टक्के वेळा बरोबर आलं. नाणेफेक केली असती तर 50 टक्के आलं असतं. आणखी एक गोष्ट दिसली. थांबण्याआधी मेंदूतले स्वतःवर ताबा ठेवणारे भाग जास्त जागे होते, धोका पत्करण्याआधी ते तुलनेने शांत होते.

संगणक हे शिकला कसा? डीएडला आपण थॉर्नडाइकची प्रयत्न-प्रमाद उपपत्ती शिकलो होतो, आठवतंय? पिंजऱ्यातलं मांजर चुकत चुकत कडी उघडायला शिकतं. मशीन लर्निंगचा गाभाही काहीसा तसाच आहे. यंत्राला शेकडो उदाहरणं देतात, सोबत उत्तरही देतात. चुकलं की ते आपले आकडे थोडे बदलतं, पुन्हा बघतं. पण खरी गोम परीक्षेत आहे. फळ्यावर सोडवलेलीच गणितं चाचणीत दिली तर अख्खा वर्ग पास, आणि 7 च्या जागी 8 केला की निम्मी मुलं गार! यंत्रही असंच पाठांतर करतं. म्हणून ज्या माणसांवरून ते शिकलं ती बाजूला ठेवून, त्याने कधीच न पाहिलेल्या माणसांवर त्याची परीक्षा घ्यावी लागते. 'आमचं यंत्र 98 टक्के अचूक' अशी जाहिरात दिसली तर पहिला प्रश्न हाच विचारा : परीक्षा कोणावर घेतली?

इथे मला एक फरक महत्त्वाचा वाटतो. 'पुढच्या क्षणी हा फुगवेल' हे सांगणं वेगळं आणि 'हा माणूसच धोकेबाज आहे' हे सांगणं वेगळं. दुसऱ्या दिशेनेही काम झालंय. 2009 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी लोकांना नुसतं शांत बसवून ईईजी घेतला. ज्यांच्या मेंदूच्या उजव्या पुढच्या भागात मुळातली हालचाल कमी होती, ते खेळात जास्त धोका घेत होते. पण हा कल सरासरीचा आहे. समोरच्या एका मुलाबद्दल त्यावरून किती बोलता येईल?

हिशेब करून बघा. समजा शाळेत 100 मुलं आहेत आणि त्यातली 10 खरोखर फार धोका पत्करणारी आहेत. यंत्र दोन्हीकडे 72 टक्के अचूक आहे असं धरू. ते दहापैकी 7 मुलं बरोबर हेरेल. पण उरलेल्या 90 मधल्या सुमारे 25 मुलांवरही तोच शिक्का मारेल. म्हणजे शिक्का बसलेल्या 32 मुलांपैकी 25 निर्दोष! मी हे दोनदा करून बघितलं, कारण पहिल्यांदा माझंच गणित चुकलं असं वाटलं.

त्यात धोका काही फक्त डोक्यात नसतो. 2005 मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी गाडी चालवण्याच्या खेळात पाहिलं की, सोबत मित्र असले की किशोरवयीन मुलं जास्त धोका घेतात, मोठ्यांवर तसा परिणाम फारसा दिसत नाही. मूल तेच, मेंदूही तोच, बघणारे बदलले. टाकीच्या शिडीखाली किती जण टाळ्या वाजवत उभे होते, हे मी नोंदीत कुठे लिहिलं होतं?

आणि हे सगळं लांबचं नाही हो. 2008 मध्ये आपल्या पुण्यातल्या एका खून खटल्यात आरोपीच्या मेंदूच्या लहरींची चाचणी पुराव्यात आली होती. त्यानंतर 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सांगितलं की, माणसाच्या संमतीशिवाय अशा चाचण्या करता येणार नाहीत. चीनमध्ये तर 2019 साली एका प्राथमिक शाळेत मुलांचं लक्ष मोजायला डोक्याला ईईजीच्या पट्ट्या बांधल्या होत्या. लोक संतापले, तेव्हा त्या थांबवल्या. चौथीतलं मूल संमती देणार म्हणजे कसं देणार? बाईंनी पट्टी बांधली की ते बांधून घेणार.

तर चिंचोक्यांच्या खेळात काय झालं ते सांगायचं राहिलंच. माझा शिडीवाला गडी दोन चिंचोके काढून थांबला. 'बाई, आता बास.' तीनही वेळा तसंच. आणि पहिल्या बाकावरची, कधी आवाज न चढवणारी मुलगी सात काढून आठव्याला हात घालत होती.

मी त्याला विचारलं, मग शिडीवर का चढतोस? म्हणाला, 'शिडी हलत नाही ना बाई. मी आधी हलवून बघतो.'

दुसऱ्या सत्राच्या नोंदीत मी लिहिलं : 'करण्याआधी तपासून बघतो. उंचीवर चढतो, मित्र असताना लक्ष ठेवावे.' पहिल्या सत्राची नोंद मात्र तशीच आहे, शाईने लिहिलेली.