आजीची कोरफड आणि माझी चूक

कोरफड तुम्ही सर्वांनी पाहिलेली आहे. कुठे भाजले की आपल्याकडे आधी तिचीच आठवण होते. पण ती डब्यात कशी जगवायची हे मला ठाऊक नव्हते. त्यामुळे काय झाले ते लिहिते.

आजीने माहेरून आणलेली कोरफड आमच्या ओट्यावर तेलाच्या डब्यात होती. मे महिन्यात आजी आत्याकडे गेली. जाताना म्हणाली, "कोरफडीकडे लक्ष ठेव गं." मी रोज तांब्याभर पाणी घालू लागले. पंधरा दिवसांनी पाने पिवळी पडली. मला वाटले, तहान लागली असेल. म्हणून दोन तांबे! मग ती बुडाशी मऊ झाली. ओढून पाहिले तर पान हातातच आले, आणि वास तर विचारू नका. गंमत अशी, की दारावर उलटी टांगलेली दुसरी कोरफड, जिला कोणी थेंबभर पाणी दिले नव्हते, ती हिरवीच होती.

शाळा सुरू झाल्यावर गुरुजींना विचारले. त्यांनी पान कापून दाखवले. आतला बुळबुळीत गर म्हणजे कोरफडीचा पाण्याचा रांजण. वरून जाड, मेणचट साल. शिवाय तिच्या पानांवरची बारीक छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, बहुतेक झाडांसारखी दिवसा नव्हे तर रात्री उघडतात. त्यामुळे उन्हात पाणी फारसे उडत नाही. मुळांना मात्र हवा लागते. आमच्या डब्याला भोक नव्हते आणि माती होती काळी, चिकट. पाणी साचले, मुळे कुजली. कुजलेली मुळे पाणी कशी पिणार? म्हणून पाने पिवळी पडली, आणि मी आणखी पाणी घातले.

बाजूला दोन पिल्ले मात्र टणक होती. ती काढून ३ दिवस सावलीत सुकवली, म्हणजे जखम भरते. डब्याच्या बुडाला खिळ्याने भोके पाडली. निम्मी माती, निम्मी जाड वाळू आणि मूठभर कुजलेले शेणखत घेतले. लावल्यावर ४-५ दिवस पाणी दिले नाही. आता बोट दोन पेरे खुपसून बघते. माती कोरडी लागली तरच पाणी. पावसाळ्यात डबा वळचणीच्या आत घेते. सकाळचे ऊन तिला पुरते.

पानफुटीही अशीच मांसल पानांची. तिचे पान ओल्या मातीवर ठेवले की कडांच्या खाचांतून रोपे फुटतात. १८१३ साली भारतात राहणाऱ्या बेंजामिन हाइने यांनी लिहून ठेवले की तिचे पान सकाळी आंबट लागते आणि दुपारी तो आंबटपणा जातो. रात्री आत घेतलेल्या हवेपासून पानात आम्ल साठते, ते दिवसा वापरले जाते. तुम्ही मात्र चाखू नका, आणि गुरांनाही खाऊ देऊ नका.

पालकांना एक विनंती. शेराचा चीक डोळ्यात गेला तर फार आग होते, म्हणून लहान मुले असतील तिथे शेर लावू नये. कोरफडीचा पिवळा चीकही पोटात जाऊ देऊ नये, जुलाब होतात.

आजी आली तेव्हा मी सगळे खरे सांगितले. ती आधी गप्पच बसली. मग म्हणाली, "पिल्लं वाचवलीस ना?" आता त्या पिल्लांनाही पिल्ले आली आहेत. चार जास्तीची आहेत. कोणाला हवी असतील तर मधल्या सुट्टीत मला भेटा. डबा आपापला आणायचा, भोक पाडलेला.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ६ वी