अहिराणी शब्दकोठार : संगणकावर मांडणी कशी करावी?

बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ रोजी वारल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ यांनी त्यांची काही गाणी वहीत उतरून ठेवली होती, म्हणूनच १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघू शकले. वहीत न उतरलेली गाणी त्यांच्याबरोबरच गेली.

आपल्या दोंडाईचा परिसरातील अहिराणी शब्दांची गत याहून निराळी होईल, असे मानण्यास आधार नाही. ग्रिअर्सनने आपल्या भाषा-पाहणीत १९०७ साली खानदेशीला भिल्ली बोलींच्या खंडात जागा दिली. तिचे खरे कूळ कोणते, हा वाद विद्वानांवर सोपवू. आपल्यापुढचा प्रश्न अगदी घरगुती आहे. आजीच्या तोंडचा शब्द नातवाला समजतो, पण त्याच्या तोंडी येत नाही. असे शब्द गोळा करून ठेवावयाचे तर कोठे व कसे, एवढाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वही एका हातात राहते. संगणकावरील साधी फाइल दोनशे शब्दांपर्यंत बरी. पुढे चार विद्यार्थी लिहू लागले की तिच्या चार प्रती होतात आणि खरी कोणती हे कोणालाच सांगता येत नाही. यावर उपाय म्हणजे आशय-व्यवस्थापन प्रणाली. नाव जड असले तरी कल्पना सोपी आहे : मजकूर एका ठिकाणी तक्त्यांत साठवावयाचा आणि तो कसा दिसावा हे निराळे ठरवावयाचे. लेखकाने हस्तलिखित द्यावे, पानाची सजावट मुद्रकाने पाहावी, तसेच हे आहे. २००३ साली निघालेली वर्डप्रेस ही अशीच एक प्रणाली. ती विनामूल्य आहे. मराठी विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी तिच्या कुळातलेच म्हणावयास हरकत नाही.

हे सारे चालावयास सर्व्हर लागतो. सर्व्हर म्हणजे थंड खोलीतले प्रचंड यंत्र, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः मागितलेले पान काढून देणारा तो एक कार्यक्रम आहे, आणि आपल्या प्रयोगशाळेतील जुन्या संगणकावरही तो चालू शकतो. पाने देणारे अपाची, ती तयार करणारे पीएचपी व मजकूर साठवणारे मारियाडीबी ही तिन्ही झॅम्प नावाच्या एकाच गठ्ठ्यात मिळतात. विंडोजवर हा गठ्ठा सी ड्राइव्हच्या मुळाशीच बसवावा. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये बसवल्यास परवानग्यांची कटकट मागे लागते. नियंत्रण-पटलावर अपाची व मायएसक्यूएल या ओळींसमोरील ‘स्टार्ट’ दाबावे. अपाची सुरू न झाल्यास बहुधा ८० क्रमांकाचे द्वार दुसऱ्याच कार्यक्रमाने अडवलेले असते, ८०८० द्यावे.

आता पीएचपी-मायअॅडमिन उघडून रिकामा डेटाबेस निर्माण करावयाचा. येथे एका यादीतून अक्षरांची साठवण-पद्धत निवडावी लागते. मायएसक्यूएल मूळ स्वीडनमधील कंपनीचे. त्यामुळे पूर्वी न बोलता मिळे ती लॅटिन अक्षरांची स्वीडिश पद्धत! तिच्यात देवनागरी मजकूर गेला की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे साठवली जाण्याचा धोका असतो, आणि ती पुन्हा अक्षरे होत नाहीत. म्हणून यादीतील ‘यूटीएफ-८-एमबी-४’ने सुरू होणारी युनिकोड पद्धत निवडली आहे, याची खात्री करावी.

पुढचे काम थोडके आहे. वर्डप्रेसचा गठ्ठा सोडवून ‘एचटीडॉक्स’ या फोल्डरात ठेवावा, त्याला रोमन लिपीत छोटे नाव द्यावे आणि ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ व पुढे ते नाव लिहावे. डेटाबेसचे नाव विचारले जाते ते द्यावे. वापरकर्ता ‘रूट’, आणि झॅम्पमध्ये पासवर्ड मुळात रिकामा असतो. याच कारणास्तव हा संगणक इंटरनेटवर जगाला खुला करू नये. इंटरनेट जोडलेले असल्यास भाषांच्या यादीत मराठीही दिसते.

शेजारच्या संगणकावरून मात्र पान उघडत नाही, किंवा उघडले तरी दुवे तुटतात. ‘लोकलहोस्ट’ म्हणजे ‘मी स्वतः’. प्रत्येक संगणक त्याचा अर्थ आपल्यापुरता घेतो आणि स्वतःच्याच घरात शोधत बसतो. यास्तव सेटिंग्जमधील पत्त्यात सर्व्हरचा अंकी पत्ता लिहावा आणि विंडोजच्या फायरवॉलमध्ये अपाचीला मुभा द्यावी.

येथवर तासाभराचे काम आहे. खरी कसोटी पहिला शब्द लिहिताना लागते. ‘आंडोर’ (मुलगा) लिहिणे सोपे. ‘मी करी ऱ्हायनू’ (मी करीत आहे) लिहू लागा. यातील ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी उमटवता येतो : ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडून, किंवा साध्या र चा पाय मोडून मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. संगणकाला त्या दोन निरनिराळ्या अंकमाला. एका विद्यार्थ्याने एक व दुसऱ्याने दुसरी वापरली, तर शोध घेताना निम्मे शब्द निसटण्याचा संभव असतो. अहिराणीत तर ‘ऱ्हायना’, ‘ऱ्हायनू’ पावलोपावली येतात. इनस्क्रिप्ट कळफलकावर र ची कळ शिफ्टसह दाबली की ऱ मिळतो. सर्वांनी तोच घ्यावा, असे माझे मत आहे.

अनुक्रमाचेही असेच. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो; युनिकोडच्या तक्त्यात तो ल च्या पाठीशी आहे. त्यामुळे संगणक ‘काळ’ आधी लावतो व ‘कास’ नंतर. कोशात नेमके उलटे हवे. छापील यादी काढण्यापूर्वी हे हाताने सुधारावे लागेल.

जुन्या वार्षिकांकांच्या डीटीपी फाइलींतून मजकूर सरळ उचलू नये. कृतिदेवासारख्या जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी दिसते खरी, परंतु आत रोमन अक्षरांचे संकेत असतात. युनिकोडमध्ये रूपांतर केल्यावाचून ती निरर्थक अक्षरेच उरतात.

शब्द शीर्षकात लिहावा. खाली अर्थ व बोलण्यातले एक पूर्ण वाक्य. शेती, स्वयंपाक, नातीगोती हे वर्ग करावेत आणि गावाचे नाव खूणशब्द म्हणून जोडावे, कारण चार कोसांवर उच्चार बदलतो. सांगणाऱ्या व्यक्तीचे नाव तिला विचारूनच घालावे.

वीज अचानक गेल्यास डेटाबेस बिघडू शकतो, म्हणून यूपीएस हवाच. दर आठवड्यास डेटाबेसची निर्यात घ्यावी व ‘अपलोड्स’ हा फोल्डरही उचलावा. ध्वनिमुद्रणे तेथे असतात आणि डेटाबेसच्या निर्यातीत ती येत नाहीत. प्रत प्रयोगशाळेबाहेर, दुसऱ्या इमारतीत ठेवावी. सत्रातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी आणि तेथे ‘ऱ्हायना’ शोधावा.