नेम आणि सही

वाई,
आषाढ वद्य पंचमी

चि. मंजिरी,

तुझे पत्र परवा पोहोचले. ते मी दोनदा वाचले आणि उत्तरास बसण्यापूर्वी एक दिवस मुद्दाम जाऊ दिला. कारण अशा पत्रास घाईने दिलेले उत्तर बहुधा सांत्वनाच्या ठरीव वाक्यांपलीकडे जात नाही, आणि तशी वाक्ये वैशाखापासून तू पुष्कळ ऐकली आहेस. तुझे अनिलराव असे भरल्या घरातून का गेले, असे तू मला विचारतेस. बाळ, या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नाही. तुझे आतोबा गेले तेव्हाही नव्हते, आणि त्यानंतर इतकी वर्षे पूजापाठ, एकादशा, ज्ञानेश्वरीची पारायणे करूनही ते हाती लागलेले नाही. हे आरंभीच सांगते, म्हणजे श्रद्धेविषयी पुढे जे लिहीन ते या प्रश्नाचे उत्तर आहे अशा समजुतीने तू वाचणार नाहीस.

देवघरासमोर बसवत नाही, देवाचा राग येतो आणि राग आला म्हणून पुन्हा अपराध्यासारखे वाटते, असे तू लिहिले आहेस. यातला राग राहू दे. अपराधाची भावना मात्र मनातून काढून टाक. १२९६ साली ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली तेव्हा नामदेव तेथे होते, आणि त्या प्रसंगावरचे जे अभंग त्यांच्या नावे परंपरेने जपले आहेत त्यांत पांडुरंगाचा हा लाडका भक्त आपला शोक कोठेही झाकीत नाही. देवाशी भांडणे ही आपल्या वारकरी घराण्यांत भक्तीचीच एक रीत मानली गेली आहे. तेव्हा स्तोत्र म्हणवत नसेल तर म्हणू नकोस. परंतु सकाळी स्नान झाले की पाटावर जाऊन बस, देव ताम्हनात घेऊन धू, पूस, आणि सहाणेवर थेंबभर पाणी टाकून चंदनाचे खोड उगाळ. प्रथम पाणी नुसतेच फिरते, काही उतरत नाहीसे वाटते. मग हळूहळू कडेला पिवळसर दाटपणा येऊ लागतो आणि वास सुटतो. तेवढे गंध देवांना लाव आणि ऊठ. हाताने आरंभिलेल्या कामामागून मन कधी येते, कधी येत नाही. न आले तरी देवांना गंध लागलेले असते, आणि त्या दिवशी तेवढी पूजा पुरे आहे असे मी मनापासून मानते.

आता दिवसाविषयी. पती जातो तेव्हा त्याच्याबरोबर घरातल्या घड्याळाचे काटेही जणू निघून जातात. सकाळचा चहा, डबा, संध्याकाळी फाटकाचा आवाज, रात्रीची औषधे, या सर्वांवर आपला दिवस टांगलेला असतो आणि हे तोवर आपल्या ध्यानातही आलेले नसते. मग लोक म्हणतात, मन रमव. मन रमविण्याच्या मागे लागू नकोस. वेळा नेमून घे. उठण्याची वेळ, पूजेची वेळ, जेवणाची वेळ (आणि जेवण म्हणजे ताट मांडून घेतलेले जेवण, ओट्याशी उभ्याने खाल्लेले नव्हे), दुपारी थोडे वाचन, एवढे तुझ्या हातचे आहे. सर्वांत कठीण तिन्हीसांजा. मुले बाहेर, सासूबाई आतल्या खोलीत, आणि दिवा लावायची घटका. त्या घटकेला दूरदर्शनच्या गोंगाटाने घर भरून काढावेसे वाटते. तसे न करता दिवा लाव आणि एखादे स्तोत्र किंवा हरिपाठातले चार अभंग मोठ्याने म्हण. मोठ्याने हा शब्द मी विचारपूर्वक लिहिला आहे. एकट्या बाईचा आवाज घरात हळूहळू बंद पडतो. दिवसभर कोणाशी दोन वाक्ये बोलणे होत नाही आणि मग कधी कोणी हाक मारली तर ओ देताना आपलाच घसा आपल्याला परका वाटतो. रामरक्षा म्हणताना निदान तुझा आवाज तुझ्या कानी पडेल, आणि सासूबाई आतून ऐकत असतील तर त्याही बरोबर म्हणू लागतील.

दहाव्या दिवशी घाटावर तुझ्याशी जे वागणे झाले ते तू दोनच ओळींत लिहिले आहेस. तरी मला सर्व दिसले, आणि ते वाचताना माझा हात कापला. शोकाने आधीच अर्धमेल्या झालेल्या बाईच्या कपाळावरचे कुंकू परक्या हातांनी पुसावे आणि बांगड्या दगडावर फोडाव्यात, याला धर्म म्हणणाऱ्यांपुढे मी या वयातही गप्प बसणार नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून या सर्व चाली आपल्या गावापुरत्या बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून तो कित्ता इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. एका खेड्याला जे कळले ते शहरातल्या शिकल्यासवरल्या माणसांना कळू नये, याचे मला फार वाईट वाटते. तू कुंकू लाव किंवा लावू नकोस, मंगळसूत्र गळ्यात ठेव किंवा पेटीत; पण तो निर्णय तुझा असू दे. माझ्या कपाळावर आजही कुंकू आहे, कारण ते मी माझ्या आईच्या हातून लहानपणी लावून घेतले होते, लग्नाच्या पुष्कळ आधी. चैत्रातल्या हळदीकुंकवाला तुला कोणी बोलावले नाही, तर ते तू आपल्या घरी कर आणि त्या बायकांनाही बोलाव.

आणि एक गोष्ट, जी तुझी आई बोलणार नाही म्हणून मी लिहिते. तुझे वय अद्याप बरेच लहान आहे. विधवेच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालचा. तरी १८९३ मध्ये अण्णासाहेब कर्व्यांनी गोदूबाईंशी विवाह केला तेव्हा मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. तो काळ गेला. पुढे कधी तुझ्या मनात तसे आले, तर या घराचे दार तुला त्या दिवशीही आजच्याइतकेच उघडे आहे. याहून अधिक आज लिहीत नाही.

अनिलराव गेले तेव्हा नक्षत्र वाईट होते म्हणून शांत केली पाहिजे, नाही तर घरावर आणखी संकट येईल, असे तुला कोणी सांगितले आहे. तुझ्या मनाला एखाद्या विधीने खरोखर निवांतपणा वाटणार असेल तर जरूर कर, ऐपतीप्रमाणे कर. पण भीती घालून जो दक्षिणा ठरवितो त्याला दारातूनच नमस्कार कर. मुलाच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या पैशाला हात लावून कोणतीही शांत होत नाही.

या पत्राचा खरा मुद्दा पुढे आहे, आणि तो तू शांतपणे, शक्य तर तुझ्या वडिलांना, भाऊंना, शेजारी बसवून वाच. तुझ्या दिरांनी निफाडच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही मागितली आहे असे तू सहज लिहून गेलीस, आणि पुढे लिहिलेस की आता या व्यवहारात मन नाही, सर्व देवावर सोडले आहे. मंजिरी, हे देवावर सोडणे नव्हे, हे दिरांवर सोडणे आहे. त्यांच्या मनात वाईट असेल असे मी म्हणत नाही. परंतु आमच्या घरीही असाच एक कागद तेराव्याचे पान उठण्यापूर्वी माझ्यापुढे ठेवण्यात आला होता, आणि तुझे आजोबा, जे मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून आयुष्यभर लोकांचे दस्तऐवज तपाशीत आले होते, त्यांनी तो शांतपणे घडी करून आपल्या कोटाच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, ‘वर्षश्राद्ध होईपर्यंत माझी मुलगी कोणत्याही कागदावर सही करणार नाही.’ त्यांचा तो आधार मला मिळाला. तुला तो आज मी देते.

अनिलरावांनी मृत्युपत्र केलेले नाही. तेव्हा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांच्या मालकीच्या वाट्याला तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी आणि सासूबाई असे चौघे पहिल्या वर्गाचे वारस, आणि चौघांचा हिस्सा सारखा. १९३७ च्या कायद्याने विधवेला पतीच्या वाट्यात हक्क मिळाला होता, पण तो तिच्या हयातीपुरता, मर्यादित. १९५६ पासून ती पूर्ण मालक झाली. या एका वाक्यासाठी किती बायकांनी किती सोसले आहे, ते तुझ्या पणजीच्या पिढीला ठाऊक होते. तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज मृत्यूच्या दाखल्यासह आणि वारसांच्या प्रतिज्ञापत्रासह द्यावा लागतो, आणि तो तीन महिन्यांच्या आत द्यावा. वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये होते, मग फेरफार पडतो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो आणि तेव्हा कोठे सातबाऱ्यावर नावे चढतात. अर्ज दिल्याची पोच घे. मूळ कागद कोणाच्या हाती देऊ नकोस, नकला दे. निवृत्तिवेतनाची प्रकरणे अनिलरावांच्या कार्यालयातून पुढे जातात. तेथे स्वतः जा, ज्या टेबलावर कागद आहे त्या माणसाशी स्वतः बोल. प्रथम जीभ अडखळेल, रडू येईल. येऊ दे, पण परत जा. मी दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीच्या दाखल्यावर सही करते, आणि हे काम मी नातवाला कधी सांगितलेले नाही.

तुला वाटेल, देवधर्माचे पत्र लिहिता लिहिता आत्या कचेरीत कोठे शिरली. मला या दोहोंत अंतर दिसत नाही. अहिल्याबाई होळकरांचेच पाहा. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव पडले. सती जाण्यास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी मागे ओढले. पुढे पुत्रही गेला, आणि १७६७ पासून १७९५ पर्यंत त्या बाईंनी महेश्वरी बसून राज्य चालविले. त्यांचा दिनक्रम कंपनी सरकारच्या माल्कमसाहेबाने लिहून ठेवला आहे: पहाटे उठून पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, साधे भोजन, आणि दुपारनंतर दरबार. काशीविश्वेश्वराचे देऊळ, गयेचे विष्णुपद आणि ठिकठिकाणचे घाट त्यांनी बांधविले ते खासगीच्या द्रव्यातून. राज्याच्या तिजोरीचा आणि आपल्या खासगीचा हिशेब त्यांनी वेगळा राखला, म्हणूनच कोणते दान आपले हे त्यांना सांगता येत होते. त्यांच्या हुकमांवर श्रीशंकराच्या नावाची सही असे. राज्य शंकराचे मानणाऱ्या त्या बाईने शंकरावर हवाला ठेवून कधी दप्तर बंद केले नाही. जो दिवस आपल्या ताब्यात नाही, जे घर आपल्या नावावर नाही, ते देवाला अर्पण करते असे म्हणण्यात काय अर्थ राहिला? आधी ते आपले करून घे, मग खुशाल त्याच्या चरणी ठेव; उद्या विचार करून दिरांना काही द्यावेसे वाटले तर तेही मोकळ्या मनाने दे.

सासूबाईंचा वाटा मात्र त्यांना पुरेपूर मिळाला पाहिजे, हे विसरू नकोस. तू पती गमावलास, त्यांनी मुलगा गमावला आहे. त्या बोलत नाहीत, कधी कडू बोलतात, ते सोसून घे. त्यांच्या डोळ्यांवरचे उपचार या पावसाळ्यामुळे लांबणीवर टाकू नका.

श्रावणात मुलांना सुटी मिळेल तेव्हा आठ दिवस इकडे ये. कृष्णेला सध्या पाणी चढले आहे, घाटाच्या खालच्या पायऱ्या दिसत नाहीत. येताना सातबाऱ्याची नक्कल, बँकेची पुस्तके आणि तो हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन ये. येथे ओळखीचे एक वयस्क वकील आहेत, त्यांना दाखवू. तोवर दिरांना एवढेच सांग की आत्याने थांबायला सांगितले आहे. माझ्यावर रागावले तर रागावू देत.

भाऊ आणि वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उत्तर लवकर लिही.

तुझी,
आत्या