धम्मपाठ : तुलनेचा तराजू



दीक्षा घेतली की घरातील देव्हारा निघतो. भिंतीवर तथागतांची व पूज्य बाबासाहेबांची प्रतिमा लागते. मुलांना त्रिसरण-पंचशील पाठ होते. उपासतापास, नवससायास बंद होतात. निश्चय असेल तर हे सर्व काही महिन्यांत घडून येते. परंतु जुन्या घरातील एक वस्तू दीक्षेनंतरही कित्येक वर्षे आपल्याबरोबर राहते. ती नजरेला दिसत नाही, म्हणून ती बाहेर काढण्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. ती वस्तू म्हणजे स्वतःला दुसऱ्याशी तोलून पाहण्याचा तराजू. आजच्या पाठात या तराजूविषयी विचार करावयाचा आहे.

हा तराजू आला कोठून?

जातिव्यवस्थेतील विषमता ही श्रेणीबद्ध विषमता आहे, असे बाबासाहेबांनी दाखवून दिले. ती एखाद्या जिन्यासारखी आहे. वरच्या पायरीवरील माणसाला मान द्यायचा आणि खालच्या पायरीवरील माणसाला तुच्छ लेखायचे, हा तिचा नियम. आपल्या खाली आणखी कोणी आहे, एवढ्या समाधानावर माणूस वरच्याचा जुलूम सहन करतो. म्हणूनच दडपलेली माणसे एक होत नाहीत. अशा समाजात वाढणाऱ्या मुलाला अक्षरओळख होण्यापूर्वी एक प्रश्न शिकविला जातो : समोरचा आपल्यापेक्षा वर की खाली?

धम्मदीक्षेने आपण हा जिना सोडला. पण हा प्रश्न मनातून गेला का? आपल्याच वस्तीत पाहा. 'आमचे आजोबा १९५६ साली नागपूरला होते, हे तर कालचे बौद्ध,' असे बोलणे ऐकू येते. नोकरदार मजुराला कमी लेखतो, शहरात राहणारा गावाकडच्या भावाला कमी लेखतो. लग्न जमविताना जुनी पोटजात हळूच विचारली जाते. दुसऱ्या बाजूला, शाळेत किंवा कचेरीत आपलाच मुलगा चार लोकांत बसला की त्याला वाटते, मी यांच्यापेक्षा कमी आहे. आडनाव सांगताना त्याचा आवाज खाली जातो. एकीकडे ताठा आणि दुसरीकडे न्यूनगंड, ही दोन्ही त्या एकाच तराजूची पारडी आहेत.

नागपूरचा प्रसंग आठवा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी भदन्त चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून बाबासाहेबांनी स्वतः दीक्षा घेतली आणि नंतर जमलेल्या लाखो लोकांना ती दिली. ज्यांना उशीर झाला होता त्यांना दुसऱ्या दिवशी, १५ तारखेला, त्याच मैदानावर दीक्षा मिळाली. १६ तारखेला चंद्रपूर येथे मिळाली. तिन्ही दिवशीचे त्रिसरण तेच, पंचशील तेच आणि बावीस प्रतिज्ञाही त्याच. पहिल्या दिवशीची दीक्षा श्रेष्ठ व तिसऱ्या दिवशीची कनिष्ठ, असे कोणी म्हटले नाही. मग आज दीक्षा घेणारे कुटुंब कमी कसे ठरेल?

'मान' म्हणजे काय?

मराठीत 'मान' म्हणजे सन्मान. पालीमध्ये याच शब्दाचा अर्थ वेगळा आहे. अहंभावाने स्वतःचे मोजमाप करणे, याला तथागतांनी मान म्हटले आहे. त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. मी श्रेष्ठ आहे, हा पहिला. मी बरोबरीचा आहे, हा दुसरा. मी हीन आहे, हा तिसरा.

यातील तिसऱ्या प्रकाराकडे नीट लक्ष द्या. 'मी थोर' म्हणणे हा अहंकार, हे सर्वांनाच कळते. पण 'मी हीन' म्हणणे याला लोक नम्रता समजतात. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या समाजाला तीच नम्रता शिकविली गेली. तथागतांनी मात्र 'मी हीन' या भावनेलाही चित्ताचा तसाच दोष मानले. स्वतःला हीन समजणे हा गुण नाही, सभ्यता नाही आणि धम्म तर मुळीच नाही.

संयुत्त निकायाच्या खंध संयुत्तात सोण नावाच्या गृहपतिपुत्राला राजगृहाच्या वेळुवनात केलेला उपदेश आहे. त्याचा आशय असा : रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान हे पाचही स्कंध अनित्य आहेत, पालटणारे आहेत. यांच्या आधाराने जो स्वतःला श्रेष्ठ, समान किंवा हीन ठरवितो, तो वस्तुस्थिती जशी आहे तशी पाहत नाही. साध्या भाषेत सांगायचे तर, जे माप स्वतःच दररोज बदलते त्याने माणूस मोजता येत नाही. आज शेजाऱ्याचा पगार जास्त, उद्या त्याची नोकरी जाईल. आज एकाचे शरीर धडधाकट, उद्या ते आजारी पडेल. अशा मापावर सुख-दुःख टांगून ठेवले तर ते कधीच स्थिर राहणार नाही.

मग 'बरोबरीचा' म्हणण्यात दोष कोणता?

येथे तुम्ही विचाराल, सर्व माणसे समान आहेत अशी प्रतिज्ञा तर आपण घेतली आहे. मग 'मी बरोबरीचा' हा दोष कसा?

फरक असा आहे. समता हे तत्त्व आहे. ते कोणाच्या शेजारी उभे राहून सिद्ध करावे लागत नाही. माणूस जन्मला की त्याची प्रतिष्ठा त्याच्याबरोबर आहे. 'बरोबरीचा' हा मान मात्र दुसऱ्याकडे पाहून जगतो. गावातील सधन माणसाच्या घरचे लग्न मंगल कार्यालयात झाले, म्हणून आपल्या मुलीचेही तसेच व्हावे, त्यासाठी कर्ज काढावे लागले तरी चालेल, हा झाला मान. बौद्ध पद्धतीचा विवाह किती साधा आहे! पांढरी वस्त्रे, त्रिसरण-पंचशील, पुष्पहार, आप्तेष्टांची साक्ष. त्यात हुंडा नाही, मुहूर्त नाही, मानपान नाही. आपल्या हाती इतकी सुंदर रीत असताना, ज्यांनी आपल्याला कमी लेखले त्यांचीच रीत बरोबरीसाठी उचलणे म्हणजे त्यांचे माप मान्य करणे होय. आणि त्या बरोबरीचे हप्ते पुढे वर्षानुवर्षे आई-बाप फेडीत राहतात.

उपाली आणि शाक्यकुमार

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात उपालीच्या दीक्षेची कथा सांगितली आहे. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भगु, किंबिल आणि देवदत्त हे कुमार प्रव्रज्येसाठी निघाले. त्यांच्याबरोबर उपाली नावाचा न्हावी होता. वाटेत त्यांनी आपले अलंकार काढून उपालीला दिले आणि परत जाण्यास सांगितले. उपालीने ते गाठोडे झाडाला टांगले आणि तोही संघाच्या वाटेने निघाला.

तथागतांपुढे आल्यावर कुमारांनी विनंती केली : आम्ही शाक्य फार मानी आहोत. या उपालीला आमच्या आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा कुलाभिमान गळून पडेल. तथागतांनी तसेच केले. संघात ज्येष्ठत्व जन्माने नव्हे, दीक्षेच्या क्रमाने ठरत असे.

या प्रसंगात कुमारांचा ताठा गेला, हे सर्वजण सांगतात. उपालीच्या बाजूनेही विचार करा. कालपर्यंत ज्यांची सेवा केली त्यांचे वंदन स्वीकारताना उपाली संकोचाने मागे सरला नाही आणि त्याने सूडाचा आनंदही घेतला नाही. तो आपल्या कामाला लागला. विनयाचा त्याने असा अभ्यास केला की तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या पहिल्या संगीतीत महाकाश्यपांनी विनयाविषयीचे प्रश्न उपालीलाच विचारले. त्याच्या जीवनाला अर्थ आला तो त्याने स्वतः केलेल्या कार्यामुळे. आपण कुमारांच्या वर गेलो की नाही, हे मोजत बसण्याची त्याला गरज उरली नाही.

चुल्लपंथकाचे फडके

दुसरी कथा आपल्या मुलाबाळांसाठी आहे. ती अट्ठकथेत आहे. महापंथक आणि चुल्लपंथक हे दोघे भाऊ भिक्षू होते. थोरला हुशार. धाकट्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. थोरल्याने त्याला विहारातून निघून जाण्यास सांगितले. तो रडत उभा असताना तथागत त्याच्याकडे गेले. त्यांनी त्याच्या हातात एक स्वच्छ फडके दिले आणि ते हाताने चोळीत राहण्यास सांगितले. चोळता चोळता फडके मळले. त्यावरून चुल्लपंथकाला अनित्यता कळली, चित्ताचा मळ कळला आणि तो अर्हत पदाला पोहोचला.

तथागत त्याला 'भावासारखा हो' असे म्हणाले नाहीत. त्याच्या हाताला जमेल असे काम त्यांनी त्याला दिले. दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी घरोघरी काय घडते? 'त्याला बघ किती गुण मिळाले, आणि तू!' हे वाक्य उच्चारणाऱ्या आई-वडिलांची तळमळ खरी असते. आपल्याला मिळाले नाही ते मुलाला मिळावे, असे त्यांना वाटते. पण त्या वाक्याने मुलाच्या हाती तोच जुना तराजू दिला जातो. मुलाने अभ्यास करावा, कसून करावा. त्याचे माप त्याचा कालचा अभ्यास हे असावे, शेजाऱ्याचे गुण हे नव्हे.

स्वीकार म्हणजे शरणागती नव्हे

एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. 'आहे त्यात समाधान मान, हे तुझ्या पूर्वजन्मीचे फळ आहे,' असे आपल्या पूर्वजांना सांगितले गेले. ती शिकवण आपण टाकून दिली आहे. स्वतःचा स्वीकार करा म्हणजे दारिद्र्याचा, अन्यायाचा, अपमानाचा स्वीकार करा, असे धम्म सांगत नाही.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी व हजारो सत्याग्रहींनी प्राशन केले. ते पाणी पिऊन आपण मोठे होऊ, असा त्यामागे भाव नव्हता. आम्ही माणसे आहोत आणि पाण्यावर माणसाचा हक्क आहे, ही त्यामागची भूमिका होती. स्वतःला हीन मानणारा तळ्याच्या काठापर्यंत जातच नाही. स्वतःचा स्वीकार केलेला माणूसच हक्क मागू शकतो.

म्हणून हा भेद ध्यानात ठेवा. परिस्थितीची तुलना अवश्य करा. त्यांच्या वस्तीत नळ आहे, आमच्या वस्तीत का नाही, हे विचारलेच पाहिजे. परंतु त्या नळावरून माणसाची किंमत ठरवू नका, स्वतःचीही नाही आणि दुसऱ्याचीही नाही.

घरी करावयाचा अभ्यास

१) रोज सायंकाळी वंदना झाल्यावर थोडा वेळ शांत बसा. आज कोणाकडे पाहून मन ताठ झाले, कोणाकडे पाहून खचले, एवढेच पाहा. स्वतःला दोष देऊ नका. दहा संयोजनांत मान हे आठवे आहे. अर्हत पदालाच ते पूर्ण तुटते. ते मनात उठले याची लाज नको, ते उठले हे कळले पाहिजे.

२) सम्यक् व्यायामाची चार अंगे स्वतःला लावा : नसलेला दोष येऊ न देणे, आलेला घालविणे, नसलेला गुण आणणे, असलेला वाढविणे. या चारही अंगांत दुसरा माणूस कोठेच नाही, हे लक्षात घ्या.

३) मुदितेचा अभ्यास करा. वस्तीतील कोणाच्या मुलाला नोकरी लागली, कोणी घर बांधले, तर त्याच दिवशी त्यांच्या घरी जाऊन मनापासून आनंद व्यक्त करा. मत्सरावर यासारखे औषध नाही.

४) घरात तीन वाक्ये बंद करा : 'त्याच्यासारखा हो', 'आपण त्यांच्यापेक्षा बरे', 'आपल्याला कुठले जमणार'.

५) नव्याने दीक्षा घेतलेले कुटुंब विहारात आले तर त्यांची पूर्वीची जात विचारू नका. त्यांना पुढे बसवा.

रविवारी विहारात चर्चेसाठी प्रश्न

१) 'मी हीन' या भावनेला तथागतांनी मानाचा प्रकार का म्हटले?
२) समता आणि बरोबरीचा अट्टहास यांत फरक कोणता? आपल्या वस्तीतील उदाहरण द्या.
३) उपालीच्या जीवनाला अर्थ कशामुळे आला?
४) आपल्या घरातील कोणता खर्च केवळ दुसऱ्याकडे पाहून होतो?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर प्रथम घरात बसून, पती-पत्नीने मिळून शोधावे. मुलांनाही त्या वेळी जवळ बसवावे.

नमो बुद्धाय! जय भीम!